खजिना विहिरीचे दगड सांभाळाल. पाणी कोण सांभाळणार?

मे महिना उजाडला की मराठवाड्याच्या रस्त्यांवर दोन गाड्या जास्त दिसू लागतात. एक पाण्याचा टँकर आणि दुसरी बोअरची गाडी. टँकर गावात शिरतो तेव्हा बाया घागरी घेऊन धावतात, आणि बोअरची गाडी शिवारात शिरते तेव्हा घरधनी सावकाराकडे धावतो. बीडजवळून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गाने ह्या दोन्ही गाड्या दिवसरात्र पळत असतात. शहरापासून सहाएक किलोमीटरवर, त्याच रस्त्यालगत, एक गोल दगडी विहीर आहे. गाडीवाल्यांपैकी कितीजण तिच्याकडे मान वळवून पाहतात कोण जाणे. लोक तिला खजिना विहीर म्हणतात, कोणी खजाना बावडी म्हणतात. पाणी काढायला तिला मोट लागली नाही, इंजिन लागले नाही आणि थ्री फेजची वाट पाहत रात्री जागावेही लागले नाही. चारशे वर्षांहून अधिक काळ ती आपल्या पायाने शिवारात पाणी पोचवत आली.

विहीर बांधली गेली अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) निजामशाहीत, पहिल्या मूर्तझा निजामशहाच्या अमदानीत. काही ठिकाणी तिचे साल १५७२ दिलेले असते, काही ठिकाणी हिजरी ९९१ म्हणजे १५८३. अकरा वर्षांचा फरक पंडितांनी मिटवावा. आपल्याला एवढे पुरे की पानिपताच्या तिसऱ्या लढाईच्या पावणेदोनशे वर्षे आधी ती वाहत होती. बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली आणि राजा भास्कर नावाच्या कारागिराने ती बांधली, असे परंपरा सांगते. जहागीरदार मुसलमान, बांधणारा हिंदू, आणि पाणी प्यायला व पिकाला लागले ते सगळ्या जातींच्या लोकांचे. आजकाल जुनी वास्तू दिसली की ती कोणाची हे आधी विचारण्याची खोड लागली आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

नावामागची गोष्ट सगळ्या बीड जिल्ह्याला पाठ आहे. खानाने जहागिरीचा सगळा खजिना विहिरीत घातला. वरून विचारणा झाली, पैसा कुठे गेला? तेव्हा खानाने म्हणे विहीर दाखवली, खजिना इथे आहे. गोष्ट खरी की रचलेली, हा वाद नको. पण सरकारी पैसा कुठे मुरला हे बोट दाखवून सांगता येईल अशी किती कामे आज आपल्या तालुक्यात आहेत? पैसा मुरतो, पाणी मुरत नाही. असो.

आता विहिरीची करामत. शेतकरी मंडळींनी हा भाग नीट वाचावा, कारण यात कोणतीही जादू नाही आणि जे आहे ते आपल्या रोजच्या कामाचे आहे.

खजिना विहीर फार खोल नाही. आपल्याकडे आज नुसत्या मुरमातून जाताना बोअरला जेवढी केसिंग घालतात, त्याच्या आसपासच तिची खोली. तिची सगळी ताकद आडवी आहे. जमिनीखालून तीन भुयारे तिला जोडलेली आहेत. दोन भुयारांतून पाणी आत येते, तिसऱ्यातून बाहेर जाते. आत येणारी दोन भुयारे वरच्या अंगाच्या जमिनीतला पाझर गोळा करतात. बाहेर जाणारे भुयार उतार धरून उत्तरेकडे, शहराच्या बाजूला जाते आणि बलगुजार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात जमिनीवर येते. जुन्या कागदांत ह्याच भागाचे नाव बर्ग-ओ-झार असे येते, आपल्या लोकांनी त्याचे बलगुजार केले. बिंदुसरा नदीही दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, म्हणजे जमिनीचा उतारच तसा आहे. बांधणाऱ्याने त्या उताराशी भांडण केले नाही.

आज विहिरीला पाणी कमी पडले की आपण काय करतो? तळाशी उतरून चारी बाजूंनी आडवे बोअर मारतो. खडकाच्या चिरेतले, मुरमातले पाणी त्या छिद्रांतून विहिरीत ओढून घेतो. सोळाव्या शतकातल्या त्या कारागिराने हेच केले. फरक इतकाच की त्याच्या आडव्या बोअरमधून माणूस जाऊ शकत होता, म्हणजे गाळ काढता येत होता. आपल्या आडव्या बोअरमध्ये चार वर्षांत माती बसली की दुसरा मारायचा.

'खजिना विहिरीचे पाणी चढत नाही आणि उतरत नाही' ही म्हण बीडकडे लहानपणापासून ऐकायला मिळते. लोक तिला चमत्कार समजतात. पाण्याच्या टाकीला वर एक नळी असते, टाकी भरली की जास्तीचे पाणी त्या नळीतून पडते, तसाच हा प्रकार आहे. बाहेर जाणाऱ्या भुयाराच्या तोंडापर्यंत पाणी आले की ते वाहू लागते, त्यामुळे पातळी वर चढायला जागाच नाही. आणि आतली दोन भुयारे जोवर पाझरत आहेत, तोवर ती उतरत नाही. म्हणजे न चढण्याचे श्रेय राजा भास्करला, पण न उतरण्याची जबाबदारी वरच्या अंगाच्या शिवारावर. ती जबाबदारी आपण कशी पार पाडली, ते पुढे येतेच.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात सुकडी खाऊन, खडी फोडून माणसे जगली. तो दुष्काळ धान्याचा होता, असे त्या वेळची माणसे सांगतात. विहिरींना तळाशी का होईना, पाणी होते. पोहरा टाकला तर ओला वर येत होता. २०१२-१३ चा, २०१५-१६ चा दुष्काळ निराळा. दुकानात धान्य होते, पण प्यायला पाणी नव्हते. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, सगळ्या देशाने ते पाहिले. १९७२ आणि २०१६ ह्यांच्या मध्ये पाऊस फार बदलला असे नाही. बीडचा सरासरी पाऊस सहाशे-साडेसहाशे मिलिमीटरच्या घरातला, तो तेव्हाही दगा देत होता आणि आजही देतो. मधल्या काळात बदलले ते जमिनीखालचे.

आपला खडक काळा बसाल्ट. त्याच्यात पाणी साठायला जागा मोजकी. वरचा कुजलेला थर, मुरूम, आणि त्याखालच्या खडकाच्या चिरा, भेगा. दरवर्षी पाऊस जे भरतो ते बहुतेक ह्या वरच्या थरात. साध्या विहिरी ह्या थरावर जगतात आणि खजिना विहीरही ह्याच थरावर जगते. पाचशे-सातशे फुटांचा बोअर खालच्या भेगांमधले जुने पाणी उपसतो, जे भरून यायला किती वर्षे लागतील याचा भरवसा नाही. पण त्याहून वाईट गोष्ट दुसरी आहे. पैसे वाचवायला केसिंग थोडी घातली की वरच्या थरातले पाणी भेगांतून त्याच बोअरच्या भोकात उतरते आणि खाली कोरड्या पडलेल्या भेगांत निघून जाते. बोअर कोरडा निघाला म्हणून शेतकरी तो तसाच सोडून देतो. तो कोरडा बोअर मात्र गप्प बसत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीचे तळ तो चोरत राहतो. शंभर घरांच्या गावात असे फसलेले बोअर किती, हे कोणत्याही कागदावर सापडायचे नाही.

खजिना विहिरीच्या आसपास खोल बोअर वाढत गेले, तशी तिची पातळी खाली गेली. जी विहीर उतरत नाही म्हणून प्रसिद्ध, ती उतरली. भुयाराच्या तोंडाखाली पाणी गेले की खालच्या शेताकडे थेंब जात नाही, मग भुयार कितीही चिरेबंदी असो. ह्यात कोणा एका शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पोरीचे लग्न, कर्जाचा हप्ता आणि जळणारी मोसंबी समोर असताना 'बोअर मारू नको' हे सांगायला आमची जीभ रेटत नाही. बोअर मारणारा गरजेपोटी मारतो. पण शेजारच्याने मारला म्हणून मी मारला, तो दोनशे गेला म्हणून मी चारशे गेलो, ह्या शर्यतीत शेवटी जिंकतो तो गाडीवाला.

आता सरकारी बाजू पाहू. जुन्या विहिरींचे जतन हा विषय निघाला की तो पुरातत्त्व खात्याच्या टेबलावर जातो. केंद्राचा १९५८ चा कायदा आहे, राज्याचा १९६० चा आहे. वास्तू संरक्षित करायची तर आधी प्राथमिक अधिसूचना, हरकतींना मुदत, मग अंतिम अधिसूचना, मग निळी पाटी. केंद्राच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून केंद्रसंरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद आणि त्यापुढे आणखी २०० मीटर परवानगीनेच. गावकऱ्यांना ह्याचीच धास्ती. 'एकदा पुरातत्त्वाकडे गेली की आम्हाला गोठ्यावर पत्रा टाकायची सोय राहत नाही' हे वाक्य आम्ही अनेक गावांत ऐकले आहे. धास्ती अगदीच खोटी नाही. म्हणून सरपंच मंडळी बारव आहे हे कळवायलाच कचरतात, आणि न कळवलेली बारव एक दिवस कचऱ्याने भरून सपाट होते.

पण समजा, सगळे नियमाप्रमाणे झाले. पाटी लागली, तारेचे कुंपण आले. मग काय सांभाळले गेले? दगड सांभाळले गेले. १०० मीटरच्या कुंपणाच्या आत विहिरीचे पाणी तयार होत नाही. ते येते कोस-दीड कोसावरून, भुयारातून, कोणाच्या तरी उसाच्या बांधाखालून. तिथे सातशे फूट बोअर मारला तर पुरातत्त्वाचा चौकीदार काय करणार? त्याला ते दिसणारही नाही.

भूजलाचा कायदा तरी कामाला येतो का? महाराष्ट्राने १९९३ साली भूजलाचा पहिला कायदा केला. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायची नाही, असा त्याचा गाभा. तलाठी, ग्रामसेवक मंडळींना हे कलम पाठ होते, कारण भाऊबंदकीतल्या तक्रारी सगळ्या त्याच कलमाखाली यायच्या. त्याची जागा घेणारा कायदा २००९ चा, तो लागू झाला १ जून २०१४ पासून. ह्या कायद्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा जास्त खोल गेली की ती 'खोल विहीर' ठरते आणि अधिसूचित क्षेत्रात अशा विहिरीला मनाई आहे. कागदावर उत्तम. पण दोनशे फुटांवर थांबलेला बोअर कोणी पाहिला असेल तर त्याने आम्हाला जरूर दाखवावा. त्यातही पिण्याच्या स्रोताला ह्या कायद्याचा जो खास आधार आहे, तो शेतीला पाणी देणाऱ्या ऐतिहासिक विहिरीला मिळत नाही.

म्हणजे पुरातत्त्वाच्या लेखी खजिना विहीर म्हणजे दगड, आणि भूजलाच्या लेखी ती हजारोंपैकी एक सिंचन विहीर. दगडाला वाली आहे, पाण्याला नाही. दोन खात्यांच्या मधल्या ह्या फटीतून तिचे पाणी वाहून चालले आहे. आमचे म्हणणे अगदी थोडके आहे. जी जुनी विहीर अजून भुयारातून पाणी देते किंवा कालपरवापर्यंत देत होती, तिच्याबाबत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने भुयारांचा माग काढून नकाशा करावा आणि त्या पट्ट्यात खोल बोअरला खरीखुरी बंदी घालावी. बंदीच्या बदल्यात त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला ठिबक, शेततळे अशा योजनांत पहिला नंबर द्यावा. नुसती बंदी कोणी पाळणार नाही आणि पाळावी असे आम्हीही म्हणणार नाही.

पाटी लावून काय होते आणि काय होत नाही, हे पाहायला विजापूरपर्यंत जावे. सोलापूरहून दोन-अडीच तासांची वाट. शहराचे सरकारी नाव २०१४ पासून विजयपुरा झाले आहे, पण आपल्याकडे गोलघुमट पाहायला निघालेला माणूस अजून विजापूरलाच जातो. तिथली ताज बावडी १६२० ची, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची बेगम ताज सुलताना हिच्या नावाची. मलिक संदल ह्या वास्तुकाराने बांधलेली. दोनशे फुटांहून अधिक लांबीरुंदीचा चौकोनी हौद, समोर ३५ फुटी कमान आणि कमानीच्या दोन्ही अंगांना अष्टकोनी बुरूज. विजापूरचीच दुसरी चांद बावडी, तिच्या आधीची, अली आदिलशहाच्या काळातली, चांदबिबीच्या नावाची. ही चांदबिबी आपल्या नगरची लेक, मूर्तझा निजामशहाची सख्खी बहीण. भावाच्या राज्यात बीडची विहीर, बहिणीच्या नावाने विजापूरची. राज्ये आपसात लढत होती, तरी पाणी बांधण्याची रीत दोन्हीकडे एकच चालली होती.

विजापूरचा कारभार नुसत्या बावड्यांवर नव्हता. तोरवीकडून जमिनीखालून पाणी शहरात आणले होते, पुढे १६५१ साली महंमद आदिलशहाच्या काळात बेगम तलाव झाला आणि त्याचे नळ शहरात खेळवले. वाटेत जागोजाग दगडी मनोरे उभे केले. पाणी त्यात चढायचे, गाळ खाली बसायचा, नळावरचा दाब कमी व्हायचा आणि स्वच्छ पाणी पुढे जायचे. आमच्या ग्रामपंचायतीच्या नळयोजनेत दरवर्षी पाइप फुटतो तो नेमका ह्याच दाबापायी. शाखा अभियंत्यांनी एकदा सहल काढून ते मनोरे पाहून यावेत. भत्ता मिळेलच.

तर ताज बावडी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची संरक्षित वास्तू. पाटी आहे, कायदा आहे. तरीही नळाचे पाणी घरात आले आणि बावडीवरची वर्दळ गेली, तशी तिची रया गेली. धुणी, कचरा, विसर्जनाच्या मूर्ती, गाळ. पाणी हिरवे पडले. संरक्षित वास्तूत हे वर्षानुवर्षे चालले, कारण बावडी कोणाची ह्या प्रश्नाला एकच उत्तर उरले होते: 'खात्याची'. २०१६-१७ च्या सुमारास कर्नाटक सरकारने विजापूरच्या जुन्या बावड्यांचा गाळ काढायचे काम हाती घेतले, ताज बावडी उपसली, आणि तिच्या पोटातून काय काय निघाले ते शहराने पाहिले. एक दुष्काळी जिल्हा आणि त्यातला एक पाटबंधारे मंत्री मनावर घेतो तेव्हा काय होते, त्याचा हा नमुना. मंत्र्याचे कौतुक करण्याची आमची रीत नाही. पण उपसलेली बावडी पुन्हा भरली ती पाझराने, आणि तो पाझर गाळाखाली इतकी वर्षे जिवंत होता, हे आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. मेलेली म्हणून सोडून दिलेली विहीर बहुधा फक्त बुजलेली असते.

अशी उदाहरणे आणखी आहेत. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर आणली. पाणचक्की पाहायला जाणाऱ्याला ती ठाऊक असते. जळगावच्या सीमेपलीकडे बुऱ्हाणपूरला अब्दुर्रहीम खानखानाच्या वेळी, १६१५ साली, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून कुंड्या-कुंड्यांनी शहरात आणले. तो कुंडी भंडारा २०२४ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेला. उदगीरच्या पलीकडे बिदरला नौबादचे कारेझ बहमनी काळातले. वर बांधकामे झाली आणि कित्येकांना खाली भुयार आहे हेच ठाऊक नव्हते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत अभ्यासकांनी ते शोधून मोजले आणि मग सफाई झाली. ही सगळी कामे इराणी कारागिरीची शिकवण घेऊन दख्खनच्या खडकात केलेली. इराणात अशा भुयारी पाण्याला कनात म्हणतात, आणि त्यांची देखभाल करणारी घराणी तिथे पिढ्यान्पिढ्या होती. आपल्याकडे विहीर राहिली, घराणी गेली. भुयारात उतरून गाळ काढणारा माणूस आज शोधून सापडत नाही, आणि सापडला तर कोणत्या हेडखाली त्याची मजुरी टाकायची हे ग्रामसेवकाला ठाऊक नसते.

इथे एक घरचीच गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या गावाच्या वेशीत एक बारव होती. शाही नव्हे, देखणीही नव्हे. सात पायऱ्या, एक कोनाडा, कोनाड्यात दिवा. उन्हाळ्यात पोरे त्यात पोहायची. नळयोजना आली तेव्हा गावाने ठरवले, पोर बुडून मरेल, डास होतात, बुजवा. ठराव झाला, एकमताने. पडक्या शाळेचा राडारोडा तिच्यात ओतला आणि वर फरशी घातली. त्या ठरावाच्या वेळी आम्ही हजर होतो आणि हात वर होता. पुढे नळयोजनेची विहीर आटली आणि त्याच फरशीवर टँकर उभा राहू लागला. हा हिशेब आमच्या नावावर आहे, म्हणून दुसऱ्यांना शहाणपण शिकवताना जपून लिहितो आहोत.

हल्ली बारवांना पुन्हा बरे दिवस येऊ पाहत आहेत. शंभराच्या नव्या नोटेवर २०१८ पासून गुजरातेतल्या पाटणची रानी की वाव आहे. खिशात नोट असेल तर काढून पाहा. महाराष्ट्रात तरुण पोरे बारवा शोधत हिंडतात, नकाशावर टाकतात, झाडलोट करून महाशिवरात्रीला दिवे लावतात. चांगले आहे. दिवे लावले की फोटो चांगले येतात आणि फोटो आले की साहेब येतात. आमची एवढीच विनंती की दिवे लावायला येणाऱ्या पोरांनी येताना एक दोरी आणि एक दगडही आणावा. पाणी किती हातांवर आहे ते मोजून भिंतीवर तारखेसह लिहावे. मे महिन्यात एकदा आणि पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात एकदा. चार वर्षांत त्या भिंतीवर जे दिसेल, त्याच्यावर वाद घालायला मग कोणाची प्राज्ञा होणार नाही.

गावच्या कारभाऱ्यांनी करायचे काम ह्याहून थोडे जास्त आहे, पण खर्च नाही. जुनी विहीर, बारव, आड, हौद गावात आहे का, आणि असेल तर ती कागदावर कोणाच्या नावे आहे, हे आधी पाहावे. तलाठी कार्यालयात (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) सातबारा काढला की पुष्कळदा असे दिसते की बारव कोणाच्या तरी गटात पोटखराबा म्हणून पडून आहे. पोटखराबा 'ब' मध्ये सार्वजनिक वापराखालची जमीन येते. तशी नोंद असेल तर ती जागा नांगरायचा किंवा बुजवायचा हक्क खातेदाराला पोचत नाही. नोंद 'अ' मध्ये गेली असेल, किंवा अजिबातच नसेल, तर एकत्रीकरणाच्या आधीचा जुना नकाशा काढून पाहावा. विहिरीची खूण त्यात असते. आपल्या गावच्या कित्येक पाणवठ्यांचा शेवटचा पुरावा तो पिवळा पडलेला कागदच आहे, आणि वाळवी तो कागद आपल्यापेक्षा आवडीने वाचते आहे.

बीडकडच्या मंडळींचा प्रश्न अधिक तातडीचा आहे. शहर वाढते आहे, महामार्गाच्या कडेची जमीन एकराऐवजी चौरस फुटाने विकली जाते आहे. जमिनीखालचे भुयार बिनशेतीच्या नकाशात दिसत नाही. कोणाच्या तरी इमारतीचा कॉलम, कोणाचा तरी शोषखड्डा त्या भुयाराच्या पाठीवर येऊन बसला की चारशे वर्षांचे काम एका दुपारी संपते, आणि शोषखड्ड्याचे पाणी भुयारात उतरले तर खालच्या शेतात काय जाईल ते सांगायला नको. भुयाराची रेषा महसूल नकाशावर आखून घेणे आणि तिच्यावरच्या बिनशेती परवानग्या त्या रेषेकडे बघून देणे, हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या हातातले काम आहे. त्याला नवा कायदा लागत नाही, मोजणीदार लागतो.

आणि वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांना एक सांगणे. फसलेला बोअर तोंडाला गोणपाट बांधून सोडू नका. त्यात पोर पडते, हे आपण पाहिले आहे. पाणीही पडते, ते दिसत नाही. माती आणि चिकण घालून वरपर्यंत बुजवा. बांधावर चर खणा, ओढ्यात दगडी बांध घाला, वरच्या मुरमात पाणी मुरू द्या. ते पाणी तुमच्याच विहिरीला आधी लागेल आणि उरलेले भुयारात जाईल.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत बहुतेक गावांत कोरमपुरती माणसे जमतात आणि चहा पिऊन उठतात. ह्या खेपेला जुन्या पाणवठ्यांची यादी एवढा एकच विषय अर्जाने टाकावा. कोणत्या गावात किती, कागदावर कोणाच्या नावे, पाणी किती हातांवर, हे लिहून आमच्या ह्या पानाकडे पाठवावे. साध्या वहीच्या कागदावर चालेल. येतील तशी गावांची नावे घालून आम्ही छापत जाऊ.